तारीख नसलेला कागद

सोमवारी दुपारी तीन वाजून चाळीस मिनिटांनी सावर्ड्याच्या एसटी थांब्यावर तुम्ही बाकावरून खाली कोसळलात. शेजारच्या सरबताच्या टपरीवाल्याने रिक्षा बोलावली. दवाखान्यात पोचण्यापूर्वीच मृत्यू झाला होता, असे तिथल्या डॉक्टरांनी लिहिले. कारण हृदयविकार.

त्या दिवशी तुम्ही रजेवर होतात. रत्नागिरीतल्या तुमच्या रुग्णालयाच्या ग्रंथालयात तुम्ही ठेवलेल्या अर्जात कारणाच्या जागी ‘खासगी काम’ एवढेच होते. सावर्ड्यात तुमचे कोणी नातेवाईक नाहीत. तुम्ही तिथे कशासाठी गेला होतात, हे त्या दिवशी कोणालाच माहीत नव्हते. मला दोन दिवसांनी कळले, तेही अर्धे.

तुमचे भाऊ मुंबईहून आले. बुधवारी त्यांचा फोन आला.

“तुम्हीच काय ते पेपरवाले?”

मी हो म्हणालो.

“ताईच्या पिशवीत एक यादी आहे. तिच्या मागे तुमचं लिहिलंय. नाव नाही. नुसतं ‘पेपरवाले’. पण घरी सगळ्यांना माहितीये, पेपरवाले म्हणजे कोण ते.”

मी तुमच्या घरी गेलो. पिशवीतल्या वस्तू मी त्यांच्यासमोर वहीत उतरवून घेतल्या. सवयीने. पाण्याची बाटली, अर्धी भरलेली. चष्म्याचे घर. रत्नागिरी ते सावर्डे एसटीचे तिकीट, एकच. बारा इंची स्टीलची पट्टी, तिच्या एका कडेला काळी भुकटी लागलेली. प्लास्टिकच्या छोट्या पिशवीत ओल्या कागदाचा लगदा, मूठभर. तो कशाचा होता ते ओळखू येत नव्हते. आणि एक फोल्डर. त्यात यादी. यादीत एकतीस ओळी होत्या. तीस ओळींपुढे हिरव्या शाईची खूण होती, एकतिसाव्या ओळीपुढे नव्हती. यादीच्या पाठीमागे तुमच्या अक्षरात लिहिले होते : ‘पेपरवाल्यांना परत एकदा विचारणे.’

“काय विचारायचं होतं तिला?” भावाने विचारले.

“ग्रंथालयाचं काम होतं,” मी म्हणालो.

तांबेबाई, त्यांना मी पूर्ण उत्तर दिले नाही. इथे देतो.

वाचकांसाठी आधी थोडे सांगावे लागेल. तुम्हाला ते आवडले नसते. ‘पुस्तकावर ग्रंथपालाचं नाव कधी बघितलंत का?’ असे तुम्ही विचारायचात आणि विषय बदलायचात. पण तुम्ही एक वेबसाइट बनवली होती, आणि ती काय होती हे कळल्याशिवाय पुढचे कळणार नाही.

तुमच्या ग्रंथालयात वैद्यकाची पुस्तके आणि नियतकालिके होती. ती वाचायला यायचे रुग्णालयातलेच डॉक्टर. खाडीपलीकडच्या, डोंगरातल्या आरोग्य केंद्रांतल्या डॉक्टरांना त्यांचा उपयोग शून्य. एका पानासाठी कोणी ओपीडी सोडून रत्नागिरीला येणार नव्हते. तुम्ही संगणक शिकलात, चाळिशीनंतर, रुग्णालयातल्याच एका तंत्रज्ञाकडून, जेवणाच्या सुट्टीत. मग एकेका आजारावर एकेक पान लिहिलेत. रुग्णालयातल्या तज्ज्ञांकडून ते तपासून घेतलेत आणि साइटवर टाकलेत. चित्र नाही, रंग नाही, हलणारे काही नाही. केंद्रातल्या खिडकीपाशी मोबाइल धरल्यावर जेवढी रेंज येते तेवढ्यात पान उघडले पाहिजे, हा तुमचा नियम होता. त्याशिवाय एक अर्ज होता. डॉक्टरने प्रश्न लिहायचा, तुम्ही संदर्भ शोधून पाठवायचा. त्या अर्जात नाव आणि केंद्र यांच्यानंतर तिसराच रकाना होता : ‘रुग्ण समोर आहे का?’ त्यात कोणी ‘हो’ निवडले की तुमचा मोबाइल वाजायचा.

मी पहिल्यांदा आलो तो या साइटची बातमी करायला. बातमीत मी लिहिले की डॉक्टरांना आता केंद्रात बसून पुस्तके मिळणार. दुसऱ्या दिवशी दहा वाजता फोन.

“पेपरवाले ना? पुस्तकं कुठली ओ? एक पान मिळतं. एका प्रश्नाला एक पान. सकाळपासून मला तिघांनी विचारलं, कादंबऱ्या पण आहेत का म्हणून.”

“चूकदुरुस्ती देऊ?”

“द्या की. तुमच्यात ती पद्धत आहे म्हणून तर तुम्हाला फोन केला. आमच्याकडे चूक झाली तर पान बदलायचं आणि गप्प बसायचं.”

चूकदुरुस्ती आतल्या पानावर, जाहिरातीखाली, तीन ओळींत आली. ती तुम्ही कापून, वर तारीख लिहून, कात्रणांच्या वहीत चिकटवलीत. कात्रणावर तारीख लिहिल्याशिवाय तुम्ही त्याला डिंक लावत नव्हतात. त्यानंतर दर गुरुवारी मी ग्रंथालयात येऊ लागलो. कामाचे निमित्त असायचे, बहुतेकदा खोटे.

माझ्या आईच्या आजारात मी तुमच्याकडेच आलो होतो. तपासणीचे कागद टेबलावर ठेवून म्हणालो, सांगा. तुम्ही म्हणालात, “मी सांगणार नाय. मी शोधून देणार. सांगणार ते डॉक्टर.” दोन तासांनी तुम्ही चार लेखांच्या प्रती दिल्यात आणि एका चिठ्ठीवर तीन प्रश्न. ते तीन प्रश्न मी डॉक्टरांना विचारले. तिसऱ्या प्रश्नावर ते थांबले, फाइल पुन्हा उघडली आणि आईचे एक औषध बदलले. आई त्यानंतर चार वर्षे होती. ती चिठ्ठी माझ्याकडे आहे. आभार मानल्याचे मला आठवत नाही.

आता कागदाबद्दल.

पावसाळ्यात केंद्रांची वीज जायची, मग रेंज जायची. डॉक्टरांनी मागणी केली की पान छापून ठेवता यावे. तुम्ही प्रत्येक पानाला ‘छापा’ असे बटण दिलेत. सर्पदंशाचे पान मात्र एका कागदात बसेना. दीड ओळ दुसऱ्या कागदावर जायची. तो गुरुवार होता. मी समोर बसलो होतो.

“अक्षर लहान करा,” मी म्हणालो.

“विजेरीच्या उजेडात वाचायचंय त्यांना.”

“मग कापा.”

“काय कापू? एकेक ओळ औषधाची आहे.”

“वरून कापा. आमच्याकडे जागा कमी पडली की आम्ही खालून कापतो. तुमचं खाली औषध आहे, तर वरून. हे बघा. पान कधी तपासलं त्याची तारीख, संदर्भ, रुग्णालयाचं नाव. दोन ओळी सुटतात. फुरसं चावल्यावर तारीख कोण वाचतो?”

तुम्ही पडद्याकडे बघत होतात. म्हणालात, “तारीख काढणं बरं नाय वाटत.”

मी म्हणालो, “साइटवर आहेच की. कागदावर नसली तर काय बिघडलं?”

तुम्ही त्या दोन ओळी छापील प्रतीतून काढल्यात. पान एका कागदात बसले. मी त्याचा फोटो काढला आणि बातमी केली.

पुढे सर्पदंशाच्या उपचाराची सूचना बदलली. रक्त गोठते आहे का, हे पुन्हा किती वेळाने तपासायचे, याबद्दलची एक ओळ. तुम्ही साइटवर ती ओळ त्याच दिवशी बदललीत आणि सगळ्या केंद्रांना मेल केला. साइटवरचे पान नवे झाले. जे आधीच छापून टेबलाच्या काचेखाली सरकवले गेले होते ते तसेच राहिले. त्यावर तारीख नव्हती, त्यामुळे जुना कागद आणि नवा कागद दिसायला सारखेच होते.

खाडीपलीकडच्या एका केंद्रात काजूच्या बागेत काम करणाऱ्या एका बाईला आणले गेले. पालापाचोळा गोळा करताना फुरसे चावले होते. रेंज नव्हती. तिथल्या डॉक्टर नव्या होत्या. त्यांनी काचेखालचा कागद वाचला आणि त्याप्रमाणे केले. दुपारनंतर त्या बाईच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागले. तिला रत्नागिरीला हलवले. ती एकोणीस दिवस वॉर्डात होती आणि बरी होऊन घरी गेली. जुन्या ओळीमुळे तिचा त्रास वाढला का, याबद्दल दोन डॉक्टरांनी मला दोन वेगळी उत्तरे दिली. हे इथे नोंदवतो, कारण तुम्ही मात्र एकच उत्तर धरून बसलात.

त्या डॉक्टरनेच तुम्हाला फोन केला होता. “मॅडम, मी तुमचंच पान बघून केलं.” तुम्ही तिला ती ओळ वाचायला सांगितलीत. तिने वाचली. तुम्ही विचारलेत, वर तारीख काय आहे? ती म्हणाली, वर तारीख नाही.

पुढच्या गुरुवारी मी आलो तेव्हा तुम्ही कागदावर चार वाक्ये लिहून तयार ठेवली होती.

“हे छापा,” तुम्ही म्हणालात.

मी वाचले. म्हणालो, “बाई, हे छापलं तर आधी त्या डॉक्टरच्या दारात माणसं जातील.”

“तिचं नाव कुठे आहे यात?”

“शोधतील. आणि तुमची साइट बंद करतील. अधीक्षकांना निमित्तच पाहिजे.”

“करूदेत बंद. कागद तर जाईल.”

“तुम्ही पान बदललंत ना? मेल केलात ना? झालं.”

“साइटवरचं बदललं. काचेखालचं कोण बदलणार, तुम्ही?” मग हसलात. त्या दिवशी एवढेच हसलात. “माझ्या पुस्तकांच्या चुकीला तीन ओळी दिल्यात की तुम्ही. मला कादंबऱ्या विचारत होते, त्याची दुरुस्ती छापलीत. आणि ह्याची नाय?”

मी म्हणालो, संपादकांना विचारतो.

त्यानंतरच्या गुरुवारी मी तुम्हाला सांगितले की संपादकांना विचारले, ते नाही म्हणाले. मी संपादकांना विचारले नव्हते. अजूनही विचारलेले नाही. हा लेख त्यांच्या टेबलावर जाईल तेव्हाच त्यांना पहिल्यांदा कळेल. विचारले असते तर त्यांनी दोन गोष्टी विचारल्या असत्या : तारीख का कापली, आणि कापायला कोणी सांगितले. कापलेल्या पानाचे कौतुक आमच्याच दैनिकात माझ्या नावाने छापून आले होते.

तुम्ही मला एकदाही म्हणाला नाहीत, ‘पेपरवाले, हे तुम्हीच सांगितलं होतंत.’ मी थांबलो होतो, तुम्ही कधी म्हणता म्हणून. दर गुरुवारी. मग मीच गुरुवार चुकवू लागलो.

छापील प्रतीवर तुम्ही तारीख परत आणलीत, मोठ्या अक्षरात, सगळ्यात वर. पान आता दोन कागदांवर जाते. मग साइटच्या नोंदींतून ‘छापा’ हे बटण कोणत्या केंद्रातून दाबले गेले ते काढलेत. एकतीस जागा निघाल्या. त्या एकतीस जागांची यादी केलीत आणि सुट्टीच्या दिवशी किंवा रजा टाकून, एसटीने एकेका ठिकाणी जाऊ लागलात. हे मला तुमच्या ग्रंथालयातल्या शिपायांनी, गावडेंनी सांगितले.

“मी म्हटलं, बाई, फोन करा की. ते काढतील कागद. तर म्हणाल्या, गावडे, फोनवर सगळे ‘हो काढला’ म्हणतात. मला कागद हातात पाहिजे.”

“पट्टी कशाला न्यायच्या?”

“काच उचलवत नाय ना ओ. जड असते. कागद दमटपणानं धरून बसतो. पट्टी आत सरकवून कागद पुढं ओढायच्या. आणलेला कागद माझ्यासमोर फाडायच्या. त्या केंद्रावर मेल टाकायच्या, नवीन कागदावरची तारीख कळवा म्हणून. तिकडून तारीख आली की मग हिरवी खूण. उत्तर आल्याशिवाय नाय.”

“आणि एकतिसावा?”

गावडे म्हणाले, “तो खाडीपलीकडचाच. बाई सगळ्यात आधी तिथंच गेलेल्या. पण टेबलच नाय.”

हे मी नंतर तपासले. त्या केंद्राला नवीन फर्निचर आले होते. नवी टेबले लोखंडी, त्यांवर काच नाही. जुने लाकडी टेबल काचेसकट एका उपकेंद्राला देऊन टाकले होते. काचेखालचे कागद काढायचे कोणाच्या मनात आले नाही. त्या डॉक्टरने जाण्यापूर्वी कागद ओढून पाहिला होता, पण तो काचेला चिकटला होता. त्या ओळीवर काचेच्या वरून तिने चिकटपट्टी लावली, आणि महिन्याभरात तिची बदली झाली. चिकटपट्टी किती दिवस टिकली, माहीत नाही. टेबल कोणत्या उपकेंद्राला गेले, हे केंद्रातल्या कोणाला आठवत नव्हते. जडवस्तूंच्या, म्हणजे फर्निचर वगैरेच्या, नोंदवहीत टेबल ‘वर्ग केले’ एवढेच होते, कुठे ते नव्हते. ज्या कागदावरून त्या बाईवर उपचार झाले तोच एक कागद जिल्ह्यात कुठेतरी एका टेबलावर बसून राहिला, आणि त्या टेबलासमोर रोज कोणीतरी रुग्ण येत होता.

हे शोधायला तुम्हाला सहा महिने लागले. मला तुम्ही विचारू शकला असतात. माझ्या ओळखी त्यासाठीच असतात. तुम्ही विचारले नाहीत. मी गुरुवारी येत नव्हतो.

तुम्ही गेलात त्या सोमवारी सकाळी दहा वाजता तुमचा मेल आला होता. तो दर सोमवारी दहा वाजता येतो : ‘या आठवड्यात बदललेली पाने.’ तुम्ही साइटला तसे लावून दिले आहे, मला माहीत आहे. तेव्हा तुम्ही एसटीत किंवा सावर्ड्यात असाल, असे मी धरले. पुढच्या सोमवारी दहा वाजता पुन्हा मेल आला. ‘या आठवड्यात बदललेली पाने : एकही नाही. तुमच्याकडे छापील प्रत असेल तर वरची तारीख पाहा. तारीख नसेल तर कागद फाडा. सुजाता तांबे, ग्रंथपाल.’

मी ग्रंथालयात गेलो. गावडेंनी तुमच्या टेबलावरचा संगणक बंद केला नव्हता. खुर्ची आत सरकवलेली होती आणि ते स्वतः दारापाशी स्टुलावर बसले होते.

“साहेब, मेल बाईंचा आला.”

“तो मशीन पाठवतं, गावडे.”

“ते मला माहितीये ओ. वीस वर्षं इथं आहे मी.” मग म्हणाले, “पण नाव बाईंचंच आहे ना खाली. मी बंद कसा करू?”

पासवर्ड कोणाकडे नाही. अधीक्षकांनी सांगितले की तपासणारे कोणी नसेल तर साइट चालू ठेवता येणार नाही. निर्णय व्हायचा आहे. तोपर्यंत पाने उघडतात. प्रत्येकावर तुम्ही शेवटचे कधी तपासले ती तारीख आहे. त्या तारखा आता पुढे सरकत नाहीत.

त्या दिवशी ऑफिसात परत येऊन मी तुमचा अर्ज उघडला. नाव लिहिले. केंद्राच्या रकान्यात दैनिकाचे नाव लिहिले. ‘रुग्ण समोर आहे का?’ यावर ‘नाही’ निवडले. प्रश्नाच्या जागी लिहिले : एकतिसावे टेबल कुठे आहे? पाठवले. काही सेकंदांत उत्तर आले.

‘तुमचा प्रश्न मिळाला. मी शोधते आहे. सु. तां.’

हे उत्तर प्रत्येकाला जाते. मी ते पूर्वी किमान दहा वेळा पाहिले असेल. या वेळी मी ते बंद केले, पुन्हा उघडले, आणि ते तिथेच होते.

तुम्ही मला दिलेली चार वाक्ये अशी. तुमच्या अक्षरातला तो कागद माझ्या ड्रॉवरमध्ये होता. एक शब्दही बदललेला नाही.

‘आमच्या ग्रंथालयाच्या साइटवरून छापलेल्या सर्पदंशाच्या पानावर तारीख नसेल, तर त्या पानातली रक्त तपासण्याच्या वेळेची ओळ जुनी आहे. ती वापरू नये. असा कागद कोणाच्याही टेबलावर, भिंतीवर किंवा वहीत असेल तर तो फाडावा आणि नवीन पान छापून घ्यावे. तारीख काढण्याची चूक ग्रंथपालाची आहे, डॉक्टरांची नाही.’

पहिली तीन वाक्ये बरोबर आहेत. चौथ्याची दुरुस्ती : तारीख काढा, असे मी सांगितले होते.

यादीतल्या एकतिसाव्या ओळीत तुम्ही शेवटी एका गावाचे नाव पेन्सिलने लिहिले होते. सावर्ड्यापासून आत, डोंगराच्या बाजूला. तुमच्या पिशवीत त्या गावाचे तिकीट नव्हते. त्या गावाची दुपारची गाडी चार वाजता सुटते आणि तुम्ही तीन चाळीसला थांब्यावर होतात. म्हणून मी धरून चाललो की तुम्ही तिकडे जायला निघाला होतात आणि पोचला नाहीत. सरबताच्या टपरीवाल्याला विचारले. तो म्हणाला, “बाई बसल्या होत्या ओ. कवापासून, ते नाय सांगता येणार. कोकम घेतलं, पैसे सुट्टे दिले.”

शुक्रवारी मी त्या गावी गेलो. उपकेंद्र म्हणजे दोन खोल्या आणि पुढे पडवी. पडवीत एक बाई बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. आत परिचारिका होत्या, साधारण पस्तिशीच्या. लसीची पेटी बंद करत होत्या. मी दैनिकाचे नाव सांगितले.

“काय चुकलं आमचं?” त्यांनी आधी हेच विचारले.

मी म्हणालो, रत्नागिरीच्या ग्रंथालयातल्या तांबेबाई या गावचं काम घेऊन निघाल्या होत्या, त्याबद्दल आलोय.

“मग त्यांनाच विचारा की. सोमवारी आलेल्या ना, गेल्याच्या गेल्या. सकाळीच.”

मी विचारले, सोमवारी कशाने आल्या?

“सावर्ड्यापासून कुणाच्या तरी टेम्पोत बसून. गाडी साडेआठचीच चुकली त्यांची. आल्या त्या सरळ टेबलाशी. मला म्हणतात, सिस्टर, काचेवरचं सगळं उचला. मी म्हटलं, अहो आधी पाणी तरी प्या. नाय. ती पट्टी घातली आत, कागद हलेना. मग आम्ही दोघींनी काच उचलून भिंतीला टेकवली. कागद काचेलाच बसलेला. पाणी शिंपडून शिंपडून काढला, दुपारच झाली. नुसता लगदा झाला. तो पण पिशवीत भरून घेतला. म्हटलं, टाका ना तो. तर म्हणाल्या, ह्याच्यासाठीच आले.”

“दमल्या होत्या?”

“घाम खूप येत होता. हात दुखतो म्हणाल्या. मी म्हटलं, एवढी काच उचललीत, दुखणारच.” त्यांनी लसीची पेटी बाजूला ठेवली. “मीच सोडलं स्कूटीवरून सावर्ड्याला. म्हटलं, घरापर्यंत जाल ना? म्हणाल्या, सरबत पिते नि जाते. त्यांनी मला मेल करायला सांगितलाय, नवीन कागदावरची तारीख. राहिलाच बघा. आज करते. त्यांना सांगा तेवढं.”

सोमवारी दुपारी काय झाले, ते मी सिस्टरांना सांगितले.

त्या स्टुलावर बसल्या. पडवीतली बाई आत डोकावली आणि पुन्हा बाहेर गेली. त्या म्हणाल्या, “मी विचारलं होतं त्यांना. म्हटलं, एवढं काय त्या कागदात, कोणी चूक केली? तर म्हणाल्या, मी. दुसरं कोण असणार.”

टेबल खिडकीपाशी होते. लाकडी, एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी. मी त्यांची परवानगी घेऊन काचेवरच्या वह्या बाजूला केल्या. काचेखाली लसीकरणाचे वेळापत्रक, एक देवाचा फोटो, आणि दोन कागद एकाला एक लागून. दोन्हींवर सगळ्यात वर, मोठ्या अक्षरात, तारीख. तुम्ही आलात त्याच्या आदल्या शनिवारची.

त्या दोन कागदांच्या वर, काचेच्या आतल्या बाजूला, जुन्या कागदाची अक्षरे राहिली आहेत. कागद निघाला, शाई काचेवरच राहिली. वरून पाहिले की सरळ वाचता येतात. मी ती ओळीओळीने वाचून वहीत उतरवली. सोळा ओळी वाचता येतात. रक्त पुन्हा किती वेळाने तपासायचे, ती ओळ तिथे नाही. त्या जागी काच पट्टीने खरवडलेली आहे.